आज पाणी किती फूट? सांगलीतल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

बाईंना मी पहिल्यांदा भेटले ती २०२२ च्या मार्चमध्ये. तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेले. सांगलीच्या गावभागात कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे घरचे सोडले तर त्यांना सगळे 'बाई' म्हणूनच ओळखतात. मीही या टिपणात तेच नाव वापरणार आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची काळजी घेणाऱ्या घरच्यांची आम्ही महिन्यातून एकदा बैठक घेतो. आजवर पुष्कळ घरं पाहिली. औषधोपचाराच्या दृष्टीने बाईंचं प्रकरण साधं आहे, त्यात वैद्यकीय नवल काही नाही. ते लिहायला घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. या घराने आजार आधी लपवला आणि मग सांगितला. लपवल्याने काय झालं, सांगितल्याने काय झालं, आणि सांगूनही काय भरून आलं नाही, हे तिन्ही मला एकाच घरात पाहायला मिळालं.

बाईंच्या मुलाने, सुनेने आणि लेकीने हे टिपण वाचलं आहे. ओळख पटेल असे काही तपशील त्यांच्या सांगण्यावरून बदलले आहेत. बाईंना मी काय विचारलं होतं आणि त्या काय म्हणाल्या, ते पुढे येईल.

पूर

घरच्यांना मी नेहमी विचारते, पहिल्यांदा कधी वाटलं की काहीतरी बिनसलंय? मुलगा म्हणाला, गेल्या वर्षी. सून थोडी थांबली आणि म्हणाली, "पुरात."

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीत कुणीच विसरलेलं नाही. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठून आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे ते विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. बाईंच्या घरात छातीएवढं पाणी आलं. सगळे मिरजेला सुनेच्या माहेरी गेले आणि नऊ दिवस तिथेच राहिले.

त्या नऊ दिवसांत बाई रात्री उठायच्या आणि न्हाणीघर शोधत भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. आपल्या घरात न्हाणीघर ज्या हाताला आहे, त्याच हाताला इथे त्या वळत होत्या. दिवसातून दहा वेळा विचारायच्या, "आपण इथे कशासाठी आलोय?" पुरामुळे, असं सांगितलं की "हो, हो" म्हणायच्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायच्या.

असं घडतं, आणि का घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. चाळीस वर्षं राहिलेलं घर माणसाचं निम्मं लक्षात ठेवण्याचं काम स्वतःच करत असतं. दिव्याचं बटण कुठे, चहाचा डबा कुठल्या फळीवर, हे डोक्याला आठवावं लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो. मेंदूतली झीज आधीच सुरू झालेली असली तरी घर ती झाकून ठेवतं. घर सुटलं की ती उघडी पडते. गावाकडून मुलाकडे राहायला आल्यावर, लग्नघरी मुक्काम पडल्यावर, दवाखान्यात चार दिवस काढल्यावर "अचानक सुरू झालं" असं लोक सांगतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

घरच्यांनी मात्र धसक्याने झालं असं म्हटलं. चूक त्यांची एकट्यांची नाही. आपल्या भाषेनेच 'साठी बुद्धी नाठी' म्हणून तयार उत्तर हातात ठेवलेलं आहे, आणि त्या एका म्हणीपायी कितीतरी घरांत डॉक्टरकडे जायला दोन-तीन वर्षं उशीर झालेला मी पाहिला आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरणं वेगळं आणि कुकरला झाकण कशासाठी लावायचं तेच न उमगणं वेगळं. पहिलं कुणाचंही होतं. दुसरं वयाने होत नाही, आजाराने होतं.

मग टाळेबंदी आली. कुणाकडे जाणं-येणं नाही, त्यामुळे बाहेरच्या कुणाला काही दिसण्याचा प्रश्नच उरला नाही.

भिशी आणि पाटल्या

गल्लीतल्या बायकांच्या भिशीची वही वीस वर्षं बाईंकडे होती. २०२१ मध्ये हिशेब चुकायला लागला. एकीचे पैसे दोनदा मांडले, दुसरीचे मांडलेच नाहीत. बायकांच्या लक्षात आलं, पण बाईंना कोण बोलणार? आदरापोटी कुणी तोंड उघडलं नाही. "तुम्ही आता आराम करा" म्हणून एकीने वही आपल्याकडे घेतली. घरी कुणाला कळलंच नाही. लपवणारं घर एकटंच नसतं. गल्लीही लपवते, आणि मायेनेच लपवते. त्या बायकांनी सुनेला एका शब्दाने सांगितलं असतं तरी वर्षभर आधी निदान झालं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच वर्षी दिवाळीत बाईंच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. बाईंनी घरी कामाला येणाऱ्या मावशींचं नाव घेतलं. मावशी त्या घरात १४ वर्षं येत होत्या. बाई चारचौघांत म्हणाल्या, "हिनेच नेल्यात, मी पाहिलं." वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, पण ती जागेवर नाही हे दिसतं, मग मेंदू ती मोकळी जागा स्वतःच भरून काढतो, कुणीतरी नेली. या आजारात चोरीचा संशय फार घरांत येतो आणि तो सगळ्यात जवळच्या, रोज घरात असणाऱ्या माणसावर येतो. ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मावशी रडत गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

पुढच्या मे महिन्यात वर्षाचा तांदूळ भरताना पाटल्या सापडल्या. तांदळाच्या मोठ्या डब्यात, तळाशी, रुमालात गुंडाळलेल्या. तोवर निदान झालेलं होतं. सुनेने मावशींना जाऊन सांगायचं म्हटलं, मुलाने थांबवलं. पाटल्या सापडल्या हे सांगायचं तर आईला काय झालंय हेही सांगावं लागलं असतं.

घड्याळ

निदानाची गोष्ट थोडक्यात सांगते. २०२२ च्या जानेवारीत बाई दुपारी घराबाहेर पडल्या आणि संध्याकाळी एका रिक्षावाल्याला पुलावर सापडल्या. शाळेत निघाल्या होत्या. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड ठीक निघाला, बी-१२ बरंच कमी होतं. आधी त्याची इंजेक्शनं दिली आणि ते योग्यच होतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त या कारणांनीही असाच विसर पडतो आणि ती कारणं दूर करता येतात. त्यामुळे या तपासण्या टाळून 'अल्झायमर' हा शिक्का कुणी मारला तर तो मान्य करू नये.

इंजेक्शनांनी हातापायांच्या मुंग्या गेल्या, विसर गेला नाही. मग मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे एमआरआय झाला. स्मरणाशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला दिसला. स्मरणचाचणीत ३० पैकी १६ गुण आले. शेवटी डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं.

३४ वर्षं पुठ्ठ्याचं घड्याळ हातात धरून पोरांना 'किती वाजले' शिकवणाऱ्या बाईंनी सुरेख गोल काढला. मग एक ते बारा आकडे काढले. सगळे उजव्या बाजूला, एकाखाली एक, पाढे लिहावेत तसे. डावी बाजू कोरीच. सून सांगत होती, बाईंनी कागद लांब धरून पाहिला, पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःच म्हणाल्या, "चुकलंय. पण कुठे ते दिसत नाही."

डोनेपेझिल सुरू झालं, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. या गोळीने आजार थांबत नाही, काहींना काही काळ लक्षणांत थोडा उतार मिळतो. बाईंना पहिले पंधरा दिवस मळमळ झाली, मग सोसलं.

डॉक्टरांनी घरच्यांना माझ्याकडे पाठवलं ते याच वेळी. बाईंशी मी एकटी बोलले. अशा वेळी मला नेहमी अल्झायमर यांची नोंदवही आठवते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर या बाईंना प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने स्वतःचंच नाव सांगितलं, हेही त्यात आहे. या आजाराची पहिली नोंद रुग्णाच्या तोंडच्या शब्दांनी सुरू होते. पुढच्या सव्वाशे वर्षांत आपण घरच्यांना पुष्कळ विचारलं, रुग्णाला विचारायचं मात्र विसरत गेलो.

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला विसरायला होतं, हे इतरांना सांगितलं तर चालेल?"

त्यांनी बराच विचार केला. "सांगा," म्हणाल्या. "पण वर्गात नका सांगू."

लपवण्याची सव्वा वर्षं

मुलगा त्या दिवशी मला स्पष्टच म्हणाला, "मॅडम, बैठक वगैरे नको. आम्ही आमचं बघू." त्याचं बाजारपेठेत दुकान आहे, ओळखीपाळखी आहेत. त्याच्या मुलीसाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली होती. आजीला 'वेड' आहे असं कुणाच्या कानावर गेलं तर, ही भीती त्याने बोलून दाखवली नाही. सुनेने नंतर सांगितली. साठी-सत्तरीनंतर होणारा अल्झायमर बहुतांश वेळा थेट आईबापांकडून पोरांकडे उतरत नाही, चाळिशी-पन्नाशीत दिसणारा आनुवंशिक प्रकार विरळा असतो, हे त्याला सांगितलं असतं तर फरक पडला असता की नाही, कोण जाणे. मी तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

लोकांना कारण ठरलं, गुडघेदुखी. गुडघेदुखीमुळे बारशाला नाही, लग्नाला नाही, हळदीकुंकवाला नाही. गुरुपौर्णिमेला श्रीफळ घेऊन आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना "बाई झोपल्यात" म्हणून दारातूनच परत पाठवलं. सुनेने चौथीपर्यंतच्या मुलांची शिकवणी घेणं बंद केलं, कारण घरात मुलं आली की बाई मधेच उठून शिकवायला लागायच्या आणि मुलं हसायची.

पुण्यातली लेक रोज फोन करायची. फोनवर बाई छान बोलायच्या. "जेवलीस का, पाऊस आहे का, पोरं कशी आहेत." हे प्रश्न आयुष्यभर विचारून तोंडात बसलेले असतात, त्यांना स्मरण लागत नाही. लेकीला वाटायचं, वहिनी उगाच वाढवून सांगतेय. एकदा ती म्हणालीही, "आई तर चांगली आहे. तुम्हालाच कंटाळा आलाय." सुनेने हे वाक्य मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना हातातला रुमाल पिळत होती.

आणि संध्याकाळ. दिवस कलला की बाईंची घालमेल सुरू व्हायची. या आजारात पुष्कळांची संध्याकाळ अवघड जाते. उजेड कमी होतो, थकवा आलेला असतो, सावल्या लांबतात. बाईंच्या डोळ्यांपुढे पूर उभा राहायचा. "पाणी आलं! सामान वर उचला! पोरांच्या वह्या भिजतील!" गाद्या ओढायच्या, डबे उचलायच्या, जिन्याकडे धावायच्या. मुलगा समजवायचा, "अगं आई, पाणी नाही आलं, उन्हाळा आहे, हे बघ बाहेर." खिडकी उघडून दाखवायचा. बाई आणखी घाबरायच्या. पाणी दिसत असताना हा नाही म्हणतोय, म्हणजे हा आपल्याला बुडवणार.

२०२३ च्या मे महिन्यात एका रात्री असंच झालं. मुलगा बाहेरगावी होता. पावणेदोन वाजले होते. बाई तिसऱ्यांदा उठून दाराची कडी काढत होत्या. सुनेने त्यांचं मनगट धरलं आणि दाबलं. सकाळी मनगटावर चार बोटं काळीनिळी उठलेली होती. बाई ती जागा चोळत सुनेलाच म्हणाल्या, "बघ गं, कुठे लागलं कोण जाणे."

अकरा खुर्च्या

जूनच्या बैठकीला सून एकटीच आली. नवऱ्याला बँकेत जाते म्हणून सांगून. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये आम्ही गोलात खुर्च्या मांडतो, त्या दिवशी अकरा होत्या. इथे कुणावर बोलायची सक्ती नसते. ती तासभर गप्प बसली.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका बोलत होते. त्यांची बायको सहा वर्षं आजारी. "ती मला नवरा म्हणून ओळखत नाही," काका म्हणाले. "संध्याकाळी पिशवी घेते आणि माहेरी जायला निघते. आधी मी अडवायचो. 'हेच तुझं घर' म्हणायचो. ती रडायची, मी ओरडायचो. मग एक दिवस जुनी तिकीट पंच करायची चिमटी सापडली. वाजवली. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, 'एक कागवाड.' मी म्हटलं, 'बसा बाई, गाडीला अजून वेळ आहे.' बसली. आता रोज बसते. मी नवरा नाही राहिलो तिच्या लेखी, कंडक्टर राहिलो. पण तिला बसायला जागा देतो ना."

मग सून बोलायला लागली. पूर सांगितला, पाटल्या सांगितल्या, आणि मनगट सांगितलं. "मी मारलं नाही," म्हणाली, "पण मारलंच असतं." कुणी 'अरेरे' केलं नाही, कुणी उपदेश केला नाही. शेजारची बाई, जिच्या वडिलांना हाच आजार होता, एवढंच म्हणाली, "मी दोनदा हात उचललाय." आणि पाण्याचा पेला पुढे केला.

या बैठकांबद्दल लोक मला विचारतात की नुसतं बोलून काय होतं. बोलून आजार हटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अपराधीपणा माणसाला गप्प करतो, गप्प माणूस मदत मागत नाही, आणि मदत न मागणाऱ्याचा हात पुन्हा उठतो. सुनेने ते चारचौघांत सांगितलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की या घरात रात्रीची दुसऱ्या माणसाची गरज आहे. ती आधी कळायला हवी होती, आणि ते सांगायला तिच्यासारखी बाई दुसऱ्या कुठल्या जागी धजावली असती, हे मला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी पाणी आलं तेव्हा सुनेने "नाही" म्हटलं नाही. तिने विचारलं, "आई, किती फूट आहे?"

बाई थबकल्या. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. "बघून सांग," म्हणाल्या.

सुनेने मोबाईल पाहिल्यासारखं केलं आणि सांगितलं, "अठरा."

"अठरा," बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "चाळीसला इशारा. अजून वेळ आहे. वह्या तेवढ्या वर ठेव." सुनेने एक वही माळ्यावर ठेवली. बाई जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक शंभर पानी वही आली. रोज संध्याकाळी सात वाजता तारीख, वार आणि पाणी किती फूट. पावसाळ्यात सून खरा आकडा लिहायची, उन्हाळ्यात पात्र कोरडं असलं तरी नऊ-दहा लिहायची. बाई आकडा वाचायच्या आणि खाली सही करायच्या. पहिल्या पानांवरची सही पूर्ण आहे. पुढे आडनाव गळतं. मग नुसतं पहिलं अक्षर. त्यानंतर एक रेघ. आजाराचा चढता आलेख मी अनेक फायलींत पाहिला आहे, पण त्या वहीइतकं स्पष्ट मला काही दिसलेलं नाही.

सांगायला सुरुवात

बैठकीला गेल्याचं सुनेने नवऱ्याला आठवड्याने सांगितलं. तो भडकला. "घरची लक्तरं वेशीवर टांगलीस," म्हणाला. चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतःच आईला विचारलं, "आज पाणी किती फूट?"

मग लेकीला बोलावलं, चार दिवस राहायला. तिसऱ्या रात्री तिने वहिनीला उठवलं आणि म्हणाली, "तुम्ही झोपा, मी बसते. मला माफ करा." तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती दहा दिवस येते आणि त्या दहा दिवसांत सून घराबाहेर झोपते, माहेरी मिरजेला. रात्रीसाठी एक मदतनीस ठेवली, तिचा निम्मा खर्च लेक देते.

गल्लीत सांगितलं. किराणावाला, रिक्षा स्टँड, देवळापाशी फुलं विकणारी, भिशीच्या बायका. सुनेचं म्हणणं, सांगायला सुरुवात करताच समोरच्याचं घर उघडतं. कुणाचे सासरे, कुणाची मावशी, कुणाचा मोठा भाऊ, त्यांनाही हेच झालेलं. देशपातळीवरच्या एका अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. तेरा-चौदा म्हाताऱ्या माणसांत एक. गावभागात हे घर एकटं असणं शक्यच नव्हतं. फक्त प्रत्येकजण आपल्यापुरती गुडघेदुखी सांगत होता.

बाई त्यानंतर दोनदा बाहेर पडल्या. दोन्ही वेळा दहा मिनिटांत परत आल्या, एकदा फुलवालीच्या हाताला धरून, ओंजळीत शेवंतीची फुलं.

बैठकीतल्या गोष्टींचा उपयोग कसा होतो, त्याचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरात बाई दोन दिवसांत एकदम बदलल्या. सकाळी गुंगीत, रात्री भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणून ओरडणं. मुलाला वाटलं आजाराने शेवटचं वळण घेतलं, झोपेचं काहीतरी जबर औषध मागून आणू. सुनेला कंडक्टर काकांचं बोलणं आठवलं, "दोन दिवसांत बदललं तर ते डोकं नसतं, दुसरं काहीतरी असतं. आधी लघवी तपासा." तपासली. संसर्ग होता. प्रतिजैविकं दिल्यावर बाई आठवड्याभरात बऱ्याचशा पूर्ववत झाल्या. स्मृतिभ्रंश वर्षांच्या गतीने चालतो. तासा-दिवसांत झालेला बदल म्हणजे बहुतेक वेळा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवं औषध यांपैकी काहीतरी. मनोविकारावरची जबर औषधं या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात, ती अगदी नाइलाज झाला तरच आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची.

पैशांचं एक. मुलाला आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचं होतं. वकिलांनी सांगितलं, उशीर झाला. देणाऱ्याला समज असेल तरच ते करता येतं, आणि आधी केलेलं असलं तरी त्याची समज गेल्यावर ते टिकत नाही. मोठे व्यवहार करायचे तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. निवृत्तिवेतनाचं मात्र अडलं नाही. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांनी मृत्युपत्र, वारसनोंदी, बँकेची कागदपत्रं पहिल्या सहा महिन्यांतच माणसाला विचारून उरकावीत. हे बोलायला जड जातं. तरी बोलावं.

वर्गात नका सांगू

त्या दिवाळीत एका भाच्याने बाईंचा व्हिडिओ काढला होता. पाणी आलं म्हणून रडत सतरंजी ओढणाऱ्या बाई. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काहींनी हात जोडले, काहींनी हसरे चेहरे टाकले. त्यातल्याच कुणीतरी तो पुढे पाठवला आणि तो बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्यापर्यंत पोचला.

सांगणं आणि दाखवणं यांत मी फार अंतर मानते. सून सांगते तेव्हा ती स्वतःची गोष्ट सांगत असते, त्यात तिचं चुकणंही असतं. त्या व्हिडिओत चुकणारी एकटी बाई होती, आणि 'नको' म्हणायची ताकद तिच्यात उरलेली नव्हती. बाईंनी ताकद होती तेव्हा अट घातली होती. ती मी घरच्यांना पुन्हा आठवून दिली. मुलाने भाच्याला फोन करून व्हिडिओ काढायला लावला. पुढे गेलेला परत आला नाही.

विद्यार्थ्यांना आता दारातून परत पाठवत नाहीत. गुरुपौर्णिमेला कुणी आलं तर सून उंबऱ्यापाशीच सांगते, "बाईंना नावं आठवत नाहीत. तुम्ही आधी तुमचं नाव सांगा, गावाचं सांगा. 'ओळखलंत का' असं विचारू नका." आजाराचं नाव घेत नाही. आलेले कळून घेतात, पाया पडतात, बसतात. बाई त्यांना हात पुढे करायला सांगतात आणि नखं तपासतात.

आजार सांगितल्यावर नातीचं एक स्थळ मागे फिरलं. कारण कुणी दिलं नाही. मुलाने त्या दिवशी पुन्हा सुनेला बोल लावला. नात पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, यापुढे पहिल्या भेटीतच मी सांगणार. तिचं लग्न अजून ठरायचं आहे.

मावशी

सून मावशींच्या घरी गेली ती २०२३ च्या गणपतीत. पाटल्या सोबत नेल्या होत्या, दाखवायला. तांदळाचा डबा सांगितला, आजार सांगितला, आणि सापडल्यावरही वर्षभर आलो नाही हेही सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. चहा केला. म्हणाल्या, "मधली दोन घरं सुटली माझी त्या बोलण्यापायी." त्या दिवशी यायला नाही म्हणाल्या.

संक्रांतीनंतर त्या आपणहून आल्या. दुपारी दोन तास येतात. बाईंची वेणी घालतात, गाऊन बाईंनी कधी घातला नाही म्हणून सुनेने शिवून आणलेली साडी नेसवतात, शेजारी बसून शेंगा सोलतात. बाई आता फार बोलत नाहीत, मावशींना ओळखत नाहीत, पण त्या उठल्या की पदर धरतात. मावशी मला म्हणाल्या, "त्यांना आठवत नाही, ते बरंय. मला आठवतं."

घरातली सगळी कामं त्या करतात. फक्त तांदूळ काढायचे असले की अजूनही सुनेला हाक मारतात, आणि ती येऊन डबा उघडेपर्यंत हात पुसत बाजूला उभ्या राहतात.